सगळ्यात जास्त सरासरी कोणत्या रकान्याची? ‘आर’ एका ओळीत उत्तर देतं, पण त्यावर विश्वास कधी ठेवायचा?

समजा तुमच्यासमोर आकड्यांचा एक मोठा तक्ता आहे. त्यात शंभर ओळी आणि चाळीस रकाने आहेत. कुणीतरी विचारतं, “यातल्या कोणत्या रकान्याची सरासरी सगळ्यात जास्त आहे? आणि सगळ्यात कमी कोणाची?”

प्रश्न साधा आहे. शाळेचा निकाल असेल तर कोणता विषय सगळ्यात सोपा गेला, हवामानाच्या नोंदी असतील तर कोणता महिना सगळ्यात उष्ण होता, प्रयोगशाळेतला डेटा असेल तर कोणता नमुना इतरांपेक्षा वेगळा वागतोय, या सगळ्यामागे हाच एक प्रश्न असतो. बातम्यांमधलं ‘सर्वाधिक’ आणि ‘सर्वात कमी’ हेही बहुतेक वेळा असंच एखाद्या तक्त्यातून आलेलं असतं.

संख्याशास्त्रासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या प्रोग्रामिंग भाषेत याचं उत्तर एका ओळीत मिळतं. अडचण एवढीच, की आर कोणत्या ना कोणत्या रकान्याचं नाव सांगतंच. ते नाव सांगण्यासारखं आहे का, हे मात्र ते सांगत नाही. म्हणून या लेखात दोन गोष्टी पाहू. उत्तर काढायचं कसं आणि ते तपासायचं कसं.

आधी थोडी ओळख: आर आणि मॅट्रिक्स

आर ही भाषा न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी १९९० च्या दशकात तयार केली. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर आर. शिवाय बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकात तयार झालेल्या ‘एस’ या भाषेवर ती बेतलेली आहे, त्यामुळे नावही तसंच एका अक्षराचं. तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. आर मोफत आहे आणि कोणीही ते आपल्या कॉम्प्युटरवर घेऊ शकतं.

मॅट्रिक्स म्हणजे ओळी आणि रकाने असलेला आकड्यांचा चौकोनी तक्ता. एक्सेलच्या शीटसारखाच, फक्त त्यात सगळ्या खणांमध्ये एकाच प्रकारची माहिती असावी लागते. सगळे आकडे, किंवा सगळे शब्द. एका रकान्यात आकडे आणि दुसऱ्यात नावं अशी सरमिसळ हवी असेल, तर आरमध्ये ‘डेटा फ्रेम’ नावाचा वेगळा प्रकार आहे.

एक सूचना. या लेखात कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. आर कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करतं, हेही लक्षात ठेवा. ‘कोलमीन्स’मधला एम कॅपिटल आहे, तो स्मॉल लिहिला तर कमांड चालणार नाही.

उदाहरण घेऊ: व्हर्जिनिया, १९४०

आरसोबत सरावासाठी काही खरे तक्ते आधीच दिलेले असतात. त्यातला एक आहे ‘व्हीएडेथ्स’. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातला १९४० सालचा मृत्युदर त्यात आहे. दर हजार लोकांमागे वर्षभरात किती मृत्यू झाले, हे वयोगटानुसार आणि राहण्याच्या ठिकाणानुसार मांडलंय. तक्ता छोटा आहे, त्यामुळे हिशोब हातानेही पडताळता येतो.

| वयोगट | ग्रामीण पुरुष | ग्रामीण स्त्रिया | शहरी पुरुष | शहरी स्त्रिया |
|---|---|---|---|---|
| ५०-५४ | ११.७ | ८.७ | १५.४ | ८.४ |
| ५५-५९ | १८.१ | ११.७ | २४.३ | १३.६ |
| ६०-६४ | २६.९ | २०.३ | ३७.० | १९.३ |
| ६५-६९ | ४१.० | ३०.९ | ५४.६ | ३५.१ |
| ७०-७४ | ६६.० | ५४.३ | ७१.१ | ५०.० |

प्रश्न असा: कोणत्या गटाचा सरासरी मृत्युदर सगळ्यात जास्त आणि कोणाचा सगळ्यात कमी?

पहिली पायरी: प्रत्येक रकान्याची सरासरी

यासाठी कमांड आहे कोलमीन्स. कोलमीन्स(व्हीएडेथ्स) असं लिहिलं, की आर चारही रकान्यांची सरासरी देतं:

- ग्रामीण पुरुष: ३२.७४
- ग्रामीण स्त्रिया: २५.१८
- शहरी पुरुष: ४०.४८
- शहरी स्त्रिया: २५.२८

हेच काम ॲप्लाय या कमांडनेही होतं. ॲप्लाय(व्हीएडेथ्स, २, मीन) असं लिहायचं. मधला २ म्हणजे ‘रकान्यांवर चालव’. तिथे १ लिहिलं तर ओळींची सरासरी मिळते. तक्ता मोठा असेल तर कोलमीन्स जास्त वेगाने चालतं, कारण ते खास याच कामासाठी लिहिलेलं आहे. ॲप्लायचा फायदा असा, की त्यात सरासरीऐवजी दुसरं काहीही मोजता येतं. पुढे त्याची गरज पडणार आहे.

दुसरी पायरी: टोकाचा रकाना

सरासऱ्या हातात आल्या, की त्यातली सगळ्यात मोठी कुठे आहे ते शोधायचं. त्यासाठी कमांड आहे व्हिच.मॅक्स आणि सगळ्यात लहानसाठी व्हिच.मिन.

व्हिच.मॅक्स(कोलमीन्स(व्हीएडेथ्स))

उत्तर येतं ‘शहरी पुरुष’, आणि त्याखाली ३. हा ३ म्हणजे सरासरी नव्हे. तो रकान्याचा क्रमांक आहे, डावीकडून तिसरा. नवखे लोक इथे हमखास गोंधळतात. सरासरीचा आकडा हवा असेल तर मॅक्स, जागा हवी असेल तर व्हिच.मॅक्स. नुसतं नाव हवं असेल तर या सगळ्याला बाहेरून नेम्स लावायचं.

व्हिच.मिन लावलं तर उत्तर येतं ‘ग्रामीण स्त्रिया’, रकाना क्रमांक २.

झालं. उत्तर मिळालं.

एकच नाव पुरत नसेल तर?

‘टोकाचा’ या शब्दाचे वेगवेगळे अर्थ होऊ शकतात. तुम्हाला नेमकं काय हवंय, त्यानुसार कमांड बदलते.

- पहिले तीन हवे असतील तर सॉर्ट वापरून सरासऱ्या उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या तीन घ्या. चाळीस रकान्यांच्या तक्त्यात हे जास्त उपयोगी पडतं.
- ठरावीक मर्यादेच्या वरचे सगळे हवे असतील तर व्हिच(सरासऱ्या > ३०) असं विचारा. आपल्या तक्त्यात दोन्ही पुरुष गट मिळतील.
- इतरांपेक्षा सगळ्यात वेगळा हवा असेल, मग तो वर असो वा खाली, तर चारही सरासऱ्यांची मिळून सरासरी काढा. इथे ती ३०.९२ आहे. तिच्यापासून सगळ्यात लांब कोण ते बघा. शहरी पुरुष ९.५६ ने लांब आहेत, ग्रामीण स्त्रिया ५.७४ ने. म्हणजे सगळ्यात वेगळा गट शहरी पुरुषांचाच.

इथपर्यंतचा भाग कोणत्याही पुस्तकात सापडेल. खरी काळजी घ्यायची ती आता.

सापळा पहिला: निसटता विजय

वरच्या सरासऱ्या पुन्हा एकदा बघा. शहरी पुरुष ४०.४८ वर आहेत आणि त्यांच्यानंतरचा गट ३२.७४ वर. अंतर मोठं आहे. शिवाय तक्त्याची प्रत्येक ओळ तपासली, तर पाचही वयोगटांत शहरी पुरुषांचाच दर सगळ्यात जास्त दिसतो. हे उत्तर पक्कं आहे.

आता दुसरं टोक बघा. ग्रामीण स्त्रिया २५.१८ आणि शहरी स्त्रिया २५.२८. फरक फक्त ०.१० चा. व्हिच.मिनने ‘ग्रामीण स्त्रिया’ असं ठामपणे सांगितलं, पण पाच वयोगटांपैकी तीन गटांत (५०-५४, ६०-६४ आणि ७०-७४) शहरी स्त्रियांचा दर कमी आहे. ग्रामीण स्त्रिया फक्त दोन गटांत खाली आहेत.

सरासरीऐवजी मध्यक घेतला तर? मध्यक म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोब्बर मधे येणारा आकडा. ॲप्लाय(व्हीएडेथ्स, २, मीडियन) असं लिहिलं, की ग्रामीण स्त्रियांचा मध्यक २०.३ येतो आणि शहरी स्त्रियांचा १९.३. म्हणजे उत्तर उलटलं. सगळ्यात कमी दर आता शहरी स्त्रियांचा.

यात आणखी एक गोम आहे. आपण पाचही वयोगटांना सारखं वजन दिलं. प्रत्यक्षात पन्नाशीतल्या लोकांची संख्या आणि सत्तरीतल्या लोकांची संख्या सारखी नसते. त्यामुळे पाच दरांची साधी सरासरी म्हणजे ५० ते ७४ वयाच्या सगळ्या लोकांचा खरा मृत्युदर नव्हे.

गंमत म्हणून दोन काल्पनिक वजनं लावून बघू. लहान वयोगटाकडून मोठ्याकडे जाताना ३०, २५, २०, १५, १० टक्के अशी वजनं दिली, तर ग्रामीण स्त्रियांचा दर १९.६६ आणि शहरी स्त्रियांचा २०.०५ येतो. ग्रामीण कमी. हीच वजनं उलटी केली, म्हणजे १० पासून ३० पर्यंत, तर ग्रामीण ३०.७० आणि शहरी ३०.५२. आता शहरी कमी.

शहरी पुरुषांचं मात्र काहीही केलं तरी बदलत नाही. कोणतीही वजनं लावा, ते वरच राहतात, कारण प्रत्येक ओळीत तेच वर आहेत.

म्हणजे एकाच तक्त्यातून, एकसारख्या दोन कमांडनी दोन उत्तरं आली. त्यातलं एक दगडासारखं पक्कं होतं आणि दुसरं वाऱ्याने हलणारं. स्क्रीनवर मात्र दोन्ही सारखीच दिसली. म्हणून टोकाच्या रकान्याचं नाव घेताना त्याच्या शेजारच्या रकान्याशी किती अंतर आहे, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सापळा दुसरा: रिकामे खण

व्हर्जिनियाच्या तक्त्यात सगळे खण भरलेले होते. खऱ्या डेटात असं सुख क्वचित मिळतं. मशीन बंद पडतं, कुणी नोंद करायला विसरतं, फॉर्म अर्धवट भरलेला असतो. आरमध्ये अशा रिकाम्या खणात ‘एनए’ लिहिलेलं असतं. अर्थ असा, की इथे आकडा असायला हवा होता, पण तो उपलब्ध नाही.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे आरसोबतच येणारा ‘एअरक्वालिटी’ हा तक्ता. न्यूयॉर्क शहरात मे ते सप्टेंबर १९७३ या काळात रोज घेतलेल्या नोंदी त्यात आहेत. एकूण १५३ दिवस आणि सहा रकाने: ओझोन, सूर्यकिरणांची तीव्रता, वाऱ्याचा वेग, तापमान, महिना आणि तारीख. ओझोनच्या ३७ नोंदी नाहीत, सूर्यकिरणांच्या ७ नाहीत. हा तक्ता डेटा फ्रेम आहे, पण त्यात सगळे आकडेच असल्याने कोलमीन्स त्यावरही चालतं.

आता तीच एका ओळीची कमांड चालवू: व्हिच.मॅक्स(कोलमीन्स(एअरक्वालिटी)). उत्तर येतं ‘तापमान’.

हे चूक आहे.

झालं असं, की एखाद्या रकान्यात एक जरी एनए असेल, तर कोलमीन्स त्या पूर्ण रकान्याची सरासरी एनए देतं. त्यामुळे ओझोन आणि सूर्यकिरण हे दोन्ही रकाने एनए झाले. पुढे व्हिच.मॅक्सने ते दोन्ही रकाने गुपचूप बाजूला ठेवले आणि उरलेल्या चारांमधून सगळ्यात मोठा निवडला. तापमानाची सरासरी ७७.८८, म्हणून तापमान. लाल अक्षरांत इशारा नाही, एररही नाही. पहिल्यांदा ही कमांड चालवली तेव्हा ‘तापमान’ हे उत्तर मीही निमूटपणे वहीत उतरवून घेतलं होतं.

यावर उपाय म्हणजे कोलमीन्सला सांगायचं, की रिकामे खण वगळ आणि उरलेल्यांची सरासरी काढ. त्यासाठी कंसात एनए.आरएम = ट्रू असं जोडायचं. तसं केलं की ओझोनची सरासरी ४२.१३ येते आणि सूर्यकिरणांची १८५.९३. सगळ्यात जास्त सरासरी आता सूर्यकिरणांची.

एक छोटी युक्ती लक्षात ठेवा. व्हिच.मॅक्सच्या आधी नुसतं मॅक्स चालवून बघा. मॅक्स रिकाम्या खणांवर पांघरूण घालत नाही. सरासऱ्यांमध्ये एनए असेल तर ते उत्तरही एनएच देतं, आणि काहीतरी गडबड आहे हे लगेच कळतं.

सापळा तिसरा: किलो आणि लिटरची तुलना

मग ‘सूर्यकिरण’ हे उत्तर बरोबर का? हिशोब बरोबर आहे, पण प्रश्नच चुकीचा आहे.

या तक्त्यात ओझोन पार्ट्स पर बिलियनमध्ये, सूर्यकिरण लँगलीमध्ये, वारा ताशी मैलात आणि तापमान फॅरनहाइटमध्ये मोजलंय. यातलं ‘मोठं’ कोणतं, या प्रश्नाला अर्थच नाही. वाऱ्याचा वेग किलोमीटरमध्ये लिहिला तर त्याची सरासरी आपोआप वाढेल, वारा मात्र तेवढाच राहील.

व्हिच.मिनचं उत्तर तर आणखी मजेशीर आहे. सगळ्यात कमी सरासरी ‘महिना’ या रकान्याची, ६.९९. मे म्हणजे ५ आणि सप्टेंबर म्हणजे ९, या क्रमांकांची ती सरासरी आहे. आरच्या दृष्टीने ते फक्त आकडे. महिन्यांच्या क्रमांकाची सरासरी काढून हाती काहीच लागत नाही, हे माणसालाच ठरवावं लागतं. पिन कोड, रोल नंबर, मोबाईल नंबर असे रकाने तक्त्यात असतील, तर सरासरी काढण्याआधीच ते बाजूला करा.

तुलना करायची तर सगळ्या रकान्यांचं एकक एकच हवं. याच डेटातून तसा तक्ता बनवता येतो. फक्त ओझोन घ्या, प्रत्येक महिन्याचा एक रकाना करा आणि तारखांच्या ओळी. ३१ ओळी आणि ५ रकान्यांचा मॅट्रिक्स तयार होतो. आता प्रश्नाला अर्थ आला: कोणत्या महिन्यात ओझोन सगळ्यात जास्त होता?

| महिना | नोंद झालेले दिवस | सरासरी ओझोन |
|---|---|---|
| मे | २६ | २३.६२ |
| जून | ९ | २९.४४ |
| जुलै | २६ | ५९.१२ |
| ऑगस्ट | २६ | ५९.९६ |
| सप्टेंबर | २९ | ३१.४५ |

सगळ्यात जास्त ऑगस्ट, सगळ्यात कमी मे. पण मधला रकाना बघा. जूनच्या ३० दिवसांपैकी फक्त ९ दिवसांची नोंद आहे. उरलेल्या २१ दिवसांत हवा कशी होती, हे या तक्त्यातून कळत नाही. म्हणजे एनए.आरएम = ट्रू लिहून एनए गायब झाले, तरी त्या जागी असलेली अनिश्चितता गायब झालेली नाही. म्हणून सरासरीच्या शेजारी नोंदींची संख्या हवीच. आरमध्ये ती कोलसम्स(!इज.एनए(तक्ता)) या कमांडने मिळते. उद्गारचिन्हाचा अर्थ इथे ‘नाही’ असा आहे, म्हणजे रिकामे नसलेले खण मोज.

सापळा चौथा: एका दिवसाची करामत

ऑगस्ट पहिला आला खरा, पण जुलैपेक्षा फक्त ०.८४ ने पुढे. पहिल्या सापळ्यात आपण शिकलो, की अंतर कमी असेल तर थांबायचं. म्हणून थांबून बघू.

२५ ऑगस्टला ओझोनची नोंद १६८ आहे. पाच महिन्यांतला हा सगळ्यात मोठा आकडा. तो एक दिवस वगळला तर ऑगस्टची सरासरी ५५.६४ वर येते आणि जुलै पुढे जातो. फक्त ऑगस्टचाच दिवस वगळणं अन्यायाचं वाटत असेल, तर जुलैचाही सगळ्यात मोठा आकडा, १३५, वगळा. जुलैची सरासरी ५६.०८ होते. तरीही जुलैच पुढे. मध्यक बघितला तर जुलैचा ६० आणि ऑगस्टचा ५२. इथे तर अंतर चांगलंच मोठं आहे.

याचा अर्थ ऑगस्ट हे उत्तर खोटं आहे असा नाही. त्या दिवशी खरंच तेवढा ओझोन असेल, तर तो मोजायलाच हवा. पण ‘ऑगस्टमध्ये हवा सर्वात वाईट’ असं वाक्य वाचल्यावर वाचकाला वाटतं, की तो अख्खा महिनाच वाईट होता. तक्ता सांगतो वेगळंच: साधारण दिवस जुलैचे जास्त वाईट होते, आणि ऑगस्टला एका भयंकर दिवसाने वर नेलं. सरासरी टोकाच्या आकड्यांकडे झुकते, आणि आपण शोधतोय टोकाची सरासरी. त्यामुळे हा धोका इथे दुप्पट असतो.

सापळा पाचवा: बरोबरी आणि इतर बारीक खोड्या

बरोबरी झाली तर: दोन रकान्यांची सरासरी तंतोतंत सारखी असेल, तर व्हिच.मॅक्स फक्त पहिल्याचं नाव सांगतं. दुसरा आहे हेही कळत नाही. सगळे हवे असतील तर ‘ज्यांची सरासरी मॅक्सइतकी आहे ते सगळे’ असं विचारावं लागतं: व्हिच(सरासऱ्या == मॅक्स(सरासऱ्या)).

दशांशांची गंमत: कॉम्प्युटर दशांश आकडे पूर्ण अचूक साठवू शकत नाही. आरला ०.१ + ०.२ हे ०.३ इतकं आहे का असं विचारलं, तर ते ‘नाही’ म्हणतं. त्यामुळे कागदावर सारख्या असलेल्या दोन सरासऱ्या कॉम्प्युटरला किंचित वेगळ्या दिसू शकतात. बरोबरी तपासताना अगदी छोटा फरक चालेल अशी सूट ठेवा, म्हणजे ‘फरक ०.०००००१ पेक्षा कमी असेल तर सारखं समज’.

एकच रकाना उरला तर: मॅट्रिक्समधून एकच रकाना वेगळा काढला, की आर त्याचा साधा यादीसारखा प्रकार करून टाकतं आणि कोलमीन्स त्यावर एरर देतं. तो मॅट्रिक्सच राहावा असं वाटत असेल, तर चौकटी कंसात ड्रॉप = फॉल्स लिहावं लागतं.

रकान्यांना नावंच नसतील तर: मग आर फक्त क्रमांक देतं. तक्त्यात नंतर एखादा रकाना मधे घातला, तर तोच क्रमांक भलत्याच रकान्याकडे बोट दाखवतो. म्हणून आधी नावं द्या, मग हिशोब करा.

पायथन आणि एक्सेलमध्ये काय होतं?

पायथन वापरणाऱ्यांनीही सावध राहायला हवं, कारण तिथले नियम वेगळे आहेत. नमपायमध्ये मीन या कमांडला ॲक्सिस = ० सांगून रकान्यांच्या सरासऱ्या काढतात आणि आर्गमॅक्सने जागा शोधतात. रकान्यात रिकामा खण असेल तर त्याची सरासरी ‘नॅन’ येते. आर असा रकाना वगळतं, नमपायचं आर्गमॅक्स मात्र नेमकी त्याच रकान्याची जागा उत्तर म्हणून देतं. पांडाज ही लायब्ररी तर सरासरी काढतानाच रिकामे खण आपणहून वगळते. म्हणजे एकाच तक्त्यावर तीन ठिकाणी तीन वेगळी वागणूक. शिवाय आर मोजणी १ पासून करतं आणि पायथन ० पासून, त्यामुळे ‘रकाना क्रमांक ३’ म्हणजे दोन्हीकडे एकच रकाना नव्हे.

एक्सेलचं ॲव्हरेज हे सूत्रसुद्धा रिकामे खण वगळतं, पण शून्य मोजतं. माहिती भरणाऱ्याने ‘नोंद नाही’ म्हणून ० टाकलं असेल, तर सरासरी खाली येते आणि तो रकाना फुकटचा ‘सर्वात कमी’ ठरतो. हा घोटाळा कोणतंच सॉफ्टवेअर पकडू शकत नाही. डेटा कोणी आणि कसा भरला, हे विचारूनच तो कळतो.

मग नेमकं करायचं काय?

‘सर्वाधिक’ किंवा ‘सर्वात कमी’ असं लिहिण्याआधी हे सहा प्रश्न स्वतःला विचारा:

१. सगळे रकाने एकाच एककात आहेत का? क्रमांक, कोड, तारखा यांचे रकाने बाजूला काढले का?

२. रिकामे खण किती आहेत आणि कोणत्या रकान्यात? त्या जागी कुणी शून्य तर भरलेलं नाही ना?

३. प्रत्येक सरासरी किती नोंदींवरून आली आहे?

४. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात अंतर किती आहे?

५. मध्यक घेतला किंवा सगळ्यात मोठा आकडा वगळला, तर नाव बदलतं का?

६. सगळ्या ओळींना सारखं वजन देणं योग्य आहे का?

या सगळ्याला फार तर पाच-सहा कमांड लागतात. व्हर्जिनियातल्या शहरी पुरुषांसारखं उत्तर असेल, तर ते या प्रत्येक प्रश्नातून तावून सुलाखून बाहेर येतं आणि बिनधास्त लिहिता येतं. न्यूयॉर्कच्या ऑगस्टसारखं असेल, तर नुसतं नाव लिहून भागत नाही. “सरासरीत ऑगस्ट किंचित पुढे, पण तो एका दिवसामुळे. साधारण दिवस जुलैचे जास्त वाईट,” असं दोन वाक्यांत लिहावं लागतं. मथळा थोडा लांबतो, पण वाचणाऱ्याच्या हाती खरी माहिती पडते.